वरच्या खोलीतलं पाणी

सोमवार, १ जुलै

वरची खोली रिकामी करायची खरी किंमत काय पडली ते आधी लिहून ठेवतो. मुलगा माझ्याशी बोलेनासा झाला. सूनबाईच्या आरशाला जिन्याच्या वळणावर तडा गेला. माझं मनगट मुरगळलं. बायको माझ्या प्रत्येक वाक्याला "बरं" म्हणते, आणि ते कसलं "बरं" आहे हे इतकी वर्षं संसार केलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. खोली मुलाची आणि सूनबाईची होती. लग्नाला अजून वर्ष व्हायचंय. आता ती दोघं हॉलमध्ये गादी टाकून झोपतात आणि सकाळी दुधासाठी दार उघडायचं तर मला आधी खोकावं लागतं.

पण दुसरा इलाज नव्हता. गेल्या वर्षी नदी बांध ओलांडून घरात शिरली तेव्हा मी गाडी घेऊन पुलापलीकडे अडकलो होतो. सासूबाईंना जिना चढवत नाही, म्हणून बायको आणि त्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या. जिन्याखाली ठेवलेलं सगळं सामान गेलं. पीठ, मेणबत्त्या, औषधं, सगळ्याचा एकच चिखल. पाणी विकणाऱ्याचं घर पाण्यात गेलं म्हणून गल्लीने महिनाभर विनोद केले. मीही हसलो. 

यंदा सामान वर. जिन्याखाली काही नाही.

ही डायरी सूनबाईने दिली. ती औषधांच्या दुकानात काम करते, कुठल्याशा कंपनीची उरलेली आहे. म्हणाली, "बाबा, चहाला येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही पुराचंच सांगता. थोडं यात लिहा." गोड बोलून माणसाला गप्प कसं करायचं, हे पोरीला छान जमतं.

गुरुवार, ४ जुलै

खोली लागली. बघत राहावी अशी लागली.

चारही भिंतींच्या कडेने फरशीवर लाकडी फळ्या टाकून त्यावर वीस लिटरचे जार, एकावर एक दोन थर. जार थेट फरशीवर ठेवायचे नसतात, पाण्याला सिमेंटचा वास लागतो. हे लोकांना सांगून पटत नाही, पण मी सायकलला दोन बाजूंना दोन कॅन बांधून या धंद्यात उतरलो आणि आज माझ्या तीन गाड्या फिरतात, त्या असल्याच गोष्टींवर. प्रत्येक जारवर भरल्याची तारीख. आधी आलेला आधी जायचा. जुना जार खाली घरात वापरायला, त्याच्या जागी लगेच नवा. मधल्या जागेत तांदूळ, डाळ, साखर, मीठ, बिस्किटांचे डबे. खिडकीशी शेगडी आणि दोन सिलिंडर. काड्यापेट्या झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात. टॉर्चमधून सेल काढून वेगळे ठेवले, आत राहिले की गळतात. रेडिओ, दोरखंड, ताडपत्री, घराची कागदं प्लास्टिकच्या पिशवीत. औषधांचा डबा सूनबाईने लावला, तारखा तीच बघणार. प्रत्येकाला गळ्यात अडकवायला एक शिट्टी. सासूबाईंनी त्यांची शिट्टी परत पाठवली, म्हणाल्या, मला हाक मारता येते.

शेजारचे शिंपीमास्तर बघायला आले होते. त्यांची तयारी म्हणजे दाराच्या मागे टांगलेली एक पिशवी. तिच्यात दोन बाटल्या पाणी, गोळ्या, एक चादर, बिस्किटं. पुराचा भोंगा वाजला की पिशवी खांद्याला आणि चालू लागायचं टेकडीवरच्या शाळेत. नगरपालिकेने सांगितलंय तसं. मी म्हटलं, "मास्तर, दोन बाटल्या तर तुम्हाला शाळेपर्यंत चढतानाच लागतील. ज्याच्या घरात पाणी आहे त्याने पळायचं कशाला? लिहून ठेवा, वेळ आली की ही सगळी गल्ली पाणी मागायला माझ्या दारात उभी राहील."

मास्तर हसले आणि म्हणाले, "देणार ना मग?"

म्हटलं, देणार. का नाही देणार.

मंगळवार, ९ जुलै

नदी बांधाच्या अर्ध्यावर आहे. सकाळी बघून आलो. बांधावर मी एकटा नव्हतो, रोज फिरायला येतो असं दाखवणारे बरेच होते. कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं.

परत येताना गोदामातून आणखी एक गाडी जार वर चढवले. माझ्या माणसांनी कुरकुर केली. मुलानेही हात लावला, पण तोंड बंद. शेवटचा जार ठेवताना एवढंच म्हणाला, "बाबा, आपण किती जण आहोत?" पाच. मी म्हटलं, आणि गल्ली? त्यावर तो खाली निघून गेला.

जार रचून झाले की मला बरं वाटतं. दुपारी जरा डोळा लागला. आठवड्यात पहिल्यांदा.

बुधवार, १० जुलै

सासूबाईंच्या चहात चुन्याचा पापुद्रा पडला.

त्यांची खोली वरच्या खोलीच्या बरोबर खाली आहे. पूर्वी तिथे दोन अंधाऱ्या खोल्या होत्या. गेल्या वर्षीच्या पुरात मधली भिंत फुगली, विटा हाताने निघायला लागल्या, तेव्हा मी ती काढूनच टाकली आणि सासूबाईंना ऐसपैस खोली करून दिली. केवढी हवा खेळते आता. कौतुक करतील तर त्या सासूबाई कसल्या. कप पुढे धरून म्हणाल्या, "जावईबापू, साखर कमी होती, तुम्ही वरून घातलीत."

ओल आहे. गेल्या वर्षीची ओल अजून भिंतीतून निघायचीय. रंगारी बोलवायला हवा, पण पावसाळा संपल्यावर.

सोमवार, १५ जुलै

माझे कान लहानपणापासून तिखट आहेत. चाळणीतून पीठ पडताना किडा असला तर मला ऐकू येतो, असं आई म्हणायची. धंद्यात याचा फार उपयोग झाला. गिऱ्हाईक बायकोशी आत काय कुजबुजतं ते ऐकलं की भाव कुठे थांबवायचा ते कळतं. पण सध्या हे कान म्हणजे ताप झाला आहे. घर बोलतं आहे. दुपारी सगळीकडे शांत असलं की "टक" असा आवाज येतो, बोट मोडल्यासारखा. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा.

चहाच्या टपरीवर विचारलं. तिथला एक बांधकामाचा मुकादम सांगत होता की नदी भरली की जमिनीखालूनही पाणी फिरतं, पाया पोखरतं. घरं आधी आवाज करतात, म्हणे. चहा तसाच टाकून घरी आलो.

घाबरलोय. इथे लिहायला हरकत नाही, गोदामात लिहिता येत नाही. तिथे मी जारशेठ आहे.

आज जिन्याखाली उभं राहून आणखी एक ऐकलं, ऐकायला नको होतं. बायको स्वयंपाकघरात सूनबाईला सांगत होती, "जार मोजले की त्यांना झोप लागते गं. राहू दे थोडे दिवस. पाणी उतरलं की मीच सगळं खाली आणायला लावते. तोवर तुम्ही दोघं सांभाळून घ्या." सूनबाई म्हणाली, "आमचं काही नाही आई, पण आजी म्हणतात..." पुढचं कुकरच्या शिट्टीने खाल्लं.

मी लहान मूल आहे का, खेळणं देऊन झोपवायला? राग आला. पण राग आल्यावरही वर जाऊन जार मोजलेच.

गुरुवार, १८ जुलै

सासूबाईंच्या छताला भेग पडलीय. मध्यावर, आडवी, केसाएवढी. मुकादमाने सांगितलं होतं तसं केलं, भेगेवर कागदाची पट्टी आडवी चिकटवली. भेग वाढली तर पट्टी फाटणार.

सासूबाई पलंगावर बसून माझ्याकडे बघत होत्या. शिडीवर चढलेल्या माणसाला खालून कोणी असं टक लावून बघितलं की उगाच चुकल्यासारखं वाटतं. म्हणाल्या, "जावईबापू, एक सांगू का? तुम्ही माझ्या डोक्यावर नदी आणून ठेवलीत."

मी म्हटलं, "आई, त्या नदीपासून तुम्हाला वाचवायलाच तर एवढं केलंय."

"ती बांधाबाहेर आहे. ही घरात आहे. ते खाली आणा."

त्यांची जुनी ट्रंक वरून काढली, त्याचा राग आहे. ट्रंकेत काय आहे तर रिकाम्या बरण्या. पण म्हाताऱ्या माणसाशी वाद घालू नये. म्हटलं, बघतो.

हा स्लॅब मी स्वतः उभं राहून घालून घेतलाय. मजूर पळून गेले तेव्हा घमेली मी वाहिली. वरच्या खोलीच्या वास्तुशांतीला पन्नास माणसं तिथे एका वेळी जेवायला बसली होती आणि स्लॅबने हुं की चूं केलं नव्हतं. त्यावर मी पाणी ठेवलं तर बिघडलं कुठे?

रविवार, २१ जुलै

आज सराव घेतला. मी हॉलमध्ये शिट्टी वाजवली की सगळ्यांनी हातातलं टाकून वर जायचं. बायको ओल्या हातांनी गेली, सूनबाई हसत गेली, मुलगा गेला पण इतका सावकाश की खरा पूर असता तर दाढीपर्यंत भिजला असता. सासूबाई हलल्याच नाहीत. गुडघे चढू देत नाहीत. म्हटलं, तुमचा जावई अजून दोन जार दोन हातात घेऊन चढतो, तुम्हाला सहज उचलेल. त्यावर त्या म्हणाल्या, "मला वर नेऊन ठेवलंत तर एक जार जास्तच झाला."

सगळे वर उभे होतो तेव्हा मी त्यांना सगळं समजावून दिलं, शेगडी कशी, रेडिओ कसा. बोलताना पायाखालून तोच आवाज आला, टक. या वेळी एकापाठोपाठ दोनदा. मी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. कोणाला ऐकू आला नव्हता. मी बोलत राहिलो. जमीन सरकते आहे आणि हे मला एकट्यालाच कळतंय, याहून वाईट काय असणार.

वरच्या खोलीचं दार बंद होत नाही, चौकटीत अडकतं. लाकूड पावसाळ्यात फुगतं. दाराची कड रंध्याने तासली.

बुधवार, २४ जुलै

कागदाची पट्टी फाटली.

जेवण गेलं नाही. बायकोने कारण विचारलं, मी पित्त म्हटलं. नवी पट्टी लावली आणि संध्याकाळच्या आत आणखी एक गाडी जार वर घेतले. पाया पोखरून घर कधी कलंडेल सांगता येत नाही, रस्ते बंद होतील, आणि मग पाणी हेच पहिलं संपतं. हे मी नाही तर कोण सांगणार. भिंतींना जागा उरली नव्हती म्हणून मधल्या जागेत, तांदळाच्या पिंपांभोवती रचले.

सासूबाईंचा पलंग रोज थोडा सरकतोय. आधी खिडकीखाली होता, मग कपाटाशी आला, आज पाहिलं तर निम्म्या खोलीच्या अलीकडे. विचारलं तर म्हणाल्या, मागच्या खिडकीशी रस्त्यावरचं बोलणं ऐकू येत नाही. या वयात कोणाचं ऐकायचंय? बायको आणि त्या मिळून सरकवतात, फरशीवर पायांच्या रेघा उमटल्यात. नवीन फरशी.

शनिवार, २७ जुलै

जारच्या कारखानदाराला फोन करून चांगलंच खडसावलं. या खेपेचे जार तिरके आहेत. जार सरळ उभा असला की आतल्या पाण्याची रेघ त्याच्या गळ्याच्या कड्यांशी समांतर असते. हे मला इतकं पाठ आहे की गाडीतला जार जरा जरी कलला तरी आरशातून कळतं. वरच्या खोलीत मात्र भिंतीकडेला रेघ खाली आणि खोलीच्या बाजूला वर. एका जारमध्ये असतं तर म्हटलं असतं, तळाला खोट आहे. सगळ्यांत! कारखानदार म्हणाला, शेठ, बाकी कोणाची तक्रार नाही. मी म्हटलं, बाकीच्यांनी कधी जारकडे बघितलंय का?

चांगलाच पडला त्याचा आवाज. पुढच्या खेपेला पैसे कापणार म्हणून सांगितलं.

नदी बांधाला हातभर कमी.

गुरुवार, १ ऑगस्ट

नगरपालिकेची गाडी गल्लीतून सूचना देत गेली. भोंगा वाजला तर घरं सोडून टेकडीवरच्या शाळेत या. तळमजल्यावरच्यांनी वाट बघू नये.

मुलगा आज तीन आठवड्यांनी माझ्याशी बोलला. जेवताना, ताटाकडे बघून. म्हणाला, "आजीला घेऊन आम्ही शाळेत जाऊ. गाडी दारात लावून ठेवतो."

मी म्हटलं, एवढं सगळं कोणासाठी केलं मग? शाळेत जमिनीवर झोपवणार आजीला, शंभर माणसांत, एका नळावर? आवाज चढला माझा. सूनबाई उठून आत गेली. बायको म्हणाली, "त्यांना बरं वाटेल तसं करा रे," आणि मुलगा हात धुवायला उठला. मी जिंकलो.

खरं सांगायचं तर गाडीत बसून बांधावरच्या रस्त्याने जायची मला भीती वाटते. गेल्या वर्षी पुलापलीकडे गाडीच्या चाकांना पाणी लागलेलं होतं आणि फोन लागत नव्हता. घरात काय चाललंय ते कळत नव्हतं. पुन्हा तसं नको. सगळे एका खोलीत, माझ्या डोळ्यांसमोर. एवढंच मागतो.

सासूबाईंची भेग आता बोट जाईल एवढी झालीय. पलंग दाराच्या चौकटीत आला आहे. अर्धा आत, अर्धा हॉलमध्ये. त्या तिथेच जेवल्या. येता-जाता सगळ्यांना अडचण. मी काही बोललो नाही, कारण त्यांच्या केसांत पांढरी धूळ होती.

रविवार, ४ ऑगस्ट

 सूनबाई म्हणाली लिहा, म्हणून लिहितो.

काल दुपारी चहाच्या वेळेला भोंगा वाजला. सरावात शिट्टी वाजवत होतो तेव्हा आपण काय करणार ते मला ठाऊक असायचं. भोंगा वाजला आणि पाय जमिनीला चिकटले. बाहेर गल्लीतून पावलांचा आवाज, मुलांना हाका, कुठेतरी कुत्रं. शिंपीमास्तर पिशवी खांद्याला लावून, बायकोचा हात धरून दारात आले. म्हणाले, "जारशेठ, चला." मी मानेनेच नाही म्हटलं आणि उलट त्यांना वर चला म्हणालो. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि गेले.

मी सगळ्यांना वर पाठवलं. बायको, सूनबाई, मुलगा. सासूबाईंना उचलायला वाकलो तर त्यांनी दोन्ही हातांनी पलंगाचा कठडा धरला. म्हणाल्या, आधी तुम्ही वर जाऊन बघून या, मग मला न्या. मला वाटलं वेळ काढतायत. पण त्यांच्याशी ओढाताण करवेना. म्हटलं दोरखंड आणतो, खुर्चीला बांधून चढवू.

वर गेलो. मुलगा खिडकीशी उभा राहून नदीकडे बघत होता. बायकोच्या घशाला कोरड पडलेली, पाणी मागितलं. मी भिंतीकडचा जार उचलायला वाकलो आणि पाण्याची रेघ पाहिली.

आधीच्या शनिवारी पाहिली होती त्याहून कितीतरी तिरकी. मी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. तिथल्या जारांत रेघ उलटी तिरकी. डावीकडची भिंत पाहिली, उजवीकडची पाहिली. चारही भिंतींच्या जारांतलं पाणी खोलीच्या मध्याकडे चढलं होतं. कारखान्याने तिरके जार पाठवले असते तर सगळे एकाच बाजूला कलले असते, किंवा वाटेल तसे. हे सगळे मिळून एका जागेकडे वाकून बघत होते. जिथे मी तांदळाची पिंपं आणि बुधवारचे जार ठेवले होते. ज्याच्या बरोबर खाली भेग होती.

पाणी सपाटच असतं. तिरकी होती ती जमीन.

मला वाटतं तेवढ्यात सगळं एकदम कळलं. पट्टी, दार, चुना, आवाज. पाया नव्हता बोलत. स्लॅब बोलत होता. आणि तो माझ्याशीच बोलत होता, घरात एवढे तिखट कान दुसऱ्या कोणाला होते?

ओरडावंसं वाटलं, पण ओरडलो असतो तर सगळे एकदम धावले असते. मी अगदी हळू म्हटलं, "भिंतीला धरून, एकेक जण, खाली."

कोणी हललं नाही. महिनाभर मी वर म्हणत होतो, खाली शब्द कोणाच्या कानात शिरेना. बायकोने विचारलं, "पाणी आलं का?"

"नाही. चल."

माझा चेहरा पाहून सूनबाई आधी निघाली. कडेकडेने, पाठ जारांना लावून. मग बायको. मुलगा म्हणाला तुम्ही आधी, मी म्हटलं नाही, आणि तेव्हा पायाखाली पुन्हा आवाज आला. या वेळी तो बोट मोडल्यासारखा नव्हता. या वेळी तो मुलालाही ऐकू आला. दोघंही जिना उतरलो की पडलो ते आठवत नाही.

सासूबाईंचा पलंग चौकटीत होता. मुलाने एक बाजू धरली, मी एक, बायकोने आणि सूनबाईने मागून ढकललं. पलंग खिडकीखाली असता तर त्या खोलीत जावं लागलं असतं, कपाटाला वळसा घालून, फिरवून बाहेर काढावा लागला असता. हे मी आत्ता लिहितोय. तेव्हा काही सुचत नव्हतं. हॉल ओलांडला, उंबऱ्याला पाय अडला, पलंग तसाच रस्त्यावर आपटला. सासूबाई त्याच्यावर बसलेल्या.

मागे घराने मोठा श्वास सोडल्यासारखं केलं. मग धूळ. मग पाणी. हॉलमधून, दारातून, पायरीवरून, एवढं पाणी की गल्लीच्या तोंडाशी जे कोणी उरलेले होते ते "नदी आली, नदी आली" म्हणत टेकडीकडे पळत सुटले. एक रिकामा जार त्या लोंढ्यात वाहत येऊन माझ्या पायाला लागला. त्यावर माझ्या हाताने लिहिलेली तारीख होती.

 सासूबाईंनी पदराने चेहऱ्यावरची धूळ पुसली आणि हात पुढे केला. मला वाटलं, थोबाडीत मारणार. त्यांनी माझं मुरगळलेलं मनगट धरलं आणि धरून ठेवलं. "बसा," म्हणाल्या.

मी रस्त्यावर त्यांच्या पलंगाशी बसलो. मुलाने गाडी पुढे आणली. शाळेत गेलो. शंभर माणसं होती, एक नळ होता.

शुक्रवार, ९ ऑगस्ट

नगरपालिकेचा माणूस येऊन गेला. घराचा पुढचा भाग उभा आहे, पण दाराला लाल पट्टी लावलीय, आत पाय ठेवायचा नाही. माझ्या देखत मुलाने त्याला विचारलं, गेल्या वर्षी काढलेली भिंत ठेवली असती तर? तो म्हणाला, भिंत असती तर कदाचित टिकलं असतं, किंवा पाणी नसतं तर. दोन्ही एकदम चाललं नाही. मुलगा माझ्याकडे वळला. मला वाटलं आता बोलेल, बोलायला हवं होतं त्याने. तो म्हणाला, "बाबा, चहा घेणार?" मी कप घेतला.

सासूबाईंच्या खोलीतली खिडकीखालची जागा मी दारातून पाहिली. पिंपं तिथेच येऊन पडलीत. पलंग आधी होता त्या जागी.

शिंपीमास्तरांनी त्यांची मागची खोली दिलीय, कपडे बेतायच्या टेबलासकट. मुलाला आणि सूनबाईला टेबलाखाली झोपायला आवडतं असं दोघंही सांगतात, आणि कोणी विश्वास ठेवत नाही. सासूबाईंनी पलंग खिडकीखाली लावून घेतला. बायकोने आज माझ्या एका वाक्याला "बरं" न म्हणता "काय म्हणालात?" विचारलं. ऐकू आलं नाही म्हणून नव्हे, लक्ष होतं म्हणून विचारलं, असं मी समजतो.

झोप लागते. मोजायला काही नाही तरी लागते.

नदी बांधाला दोन बोटं कमी होती तिथूनच उतरली. यंदा गल्लीत पाणी आलं नाही.

आज सकाळी पातेलं घेऊन मी मास्तरांच्या दारात पिण्याचं पाणी मागायला उभा राहिलो.